चहातल्या दुधाचे परकीय चलन

सिंहली भाषेत दुधाला 'किरी' म्हणतात. आपल्या खिरीचेच ते भावंड. दोघांचे मूळ 'क्षीर' या संस्कृत शब्दात. पिठाला सिंहलीत 'पिटि' म्हणतात. त्यामुळे दुधाच्या पावडरीला तिथे नाव पडले 'किरिपिटि', म्हणजे अगदी सरळ, दुधाचे पीठ. श्रीलंकेत शहरातल्या मुलासमोर दूध हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे गाय येण्याआधी फळीवरची चारशे ग्रॅमची पुडी येईल, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. त्याच्या आजीच्या काळापासून घरातला 'किरि ते', म्हणजे दुधाचा चहा, याच पुडीतून होत आला आहे.

एरवी दुधाविषयीचा त्यांचा भाव आपल्यासारखाच. एप्रिलच्या मध्यावर त्यांचे नवीन वर्ष सुरू होते, तेव्हा नव्या मडक्यात दूध तापवतात आणि ते उतू जाऊ देतात. नव्या घरात राहायला जातानाही तसेच. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यातले दूध उतू घालणारी आपली आई त्या घरात सहज मिसळून गेली असती. ज्या देशात भरभराटीची खूण म्हणून दूध उतू घालतात, त्या देशात मार्च २०२२ मध्ये उपाहारगृहवाल्यांच्या संघटनेने दुधाच्या चहाचा एक कप शंभर रुपयांवर नेला. आयात पावडरीची चारशे ग्रॅमची पुडी ७९० रुपयांना झाली होती. सहा महिन्यांपूर्वी तीच ३८० रुपयांना होती. आणि तेव्हाही ती ३८० रुपयांना मिळत असे असे नाही, कारण दुकानदार हात हलवून 'नाही' एवढेच सांगत.

त्या दिवसांतल्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. पेट्रोलच्या रांगा, गॅसच्या टाक्यांच्या रांगा, बारा-बारा तास वीज नाही, कागद नाही म्हणून पुढे ढकललेल्या परीक्षा. पुढे जुलैत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातल्या तलावात पोहणाऱ्या तरुणांची छायाचित्रे आली आणि आपले लक्ष तिकडे वेधले गेले. माझे मन मात्र त्या शंभर रुपयांच्या चहापाशीच अडकून राहिले. याचे कारण माझ्या जुन्या नोकरीत आहे.

राष्ट्रीयीकृत बँकेत मी पस्तीस-छत्तीस वर्षे काढली. त्यांतली काही वर्षे मुंबईत फोर्टमधल्या एका शाखेच्या परकीय चलन विभागात गेली. आमच्या टेबलावरून जात ती 'लेटर ऑफ क्रेडिट', आमच्या बोलण्यात नुसती 'एलसी'. प्रकार सोपा आहे. कोलंबोचा व्यापारी आणि न्यूझीलंडचा विक्रेता यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. हा म्हणतो, माल पाठव, पैसे देतो. तो म्हणतो, पैसे दाखव, माल पाठवतो. अशा वेळी लग्नातल्या मध्यस्थासारखी बँक मध्ये पडते आणि लिहून देते की, जहाजावर माल चढल्याची कागदपत्रे आमच्या हाती पडली की ठरलेले डॉलर आम्ही देऊ. या एका कागदावर जगाचा व्यापार चालतो. पण मध्यस्थाचीच पत गेली तर? व्यापारी सुखवस्तू असतो, त्याच्या खात्यात रुपये भरपूर असतात, गिऱ्हाईक दाराशी उभे असते. आणि तरीही माल येत नाही, कारण बँकेकडे द्यायला डॉलर नसतात. २०२१ च्या उत्तरार्धात श्रीलंकेत नेमके हेच झाले. बँका एलसी उघडेनात. आधी मागवलेला माल कोलंबो बंदरात येऊन पडला, तो सोडवायलाही डॉलर मिळेनात, आणि कंटेनरवर दिवसागणिक भाडे मात्र चढत राहिले. साखर, डाळी, औषधे, आणि किरिपिटि.

घरच्या चहातले दूध आटले, ते कुठल्याही गाईने दूध चोरल्यामुळे नव्हे. ते बँकेच्या काउंटरवर आटले.

आता या हिशेबातला सर्वांत विलक्षण भाग सांगतो. श्रीलंका जगाला चहा पाजते. २०२० साली तिने चहाच्या निर्यातीतून सुमारे १२४ कोटी डॉलर मिळवले. त्याच वर्षी दूध आणि दुग्धपदार्थ आणण्यासाठी तिने सुमारे ३३ कोटी डॉलर घालवले, आणि त्यांतली बहुतेक खरेदी पावडरीची होती. म्हणजे चहा विकून आलेल्या प्रत्येक चार डॉलरांतला साधारण एक डॉलर दुधावर गेला. आणि ते दूध बव्हंशी गेले कुठे, तर चहात! डोंगरउतारावर पाठीला करंडी बांधून पाने खुडणारी मजूर बाई दिवसभर जे कमावून देते, त्यातला चौथा हिस्सा तिच्याच देशाच्या कपातला चहा पांढरा करण्यासाठी परत समुद्रापार जातो. कादंबरीत असे घातले असते तर संपादकांनी 'फार ओढून आणलेले वाटते' म्हणून कापले असते.

ही सवय पुरातन नाही. गावोगाव गाई-म्हशी तिथेही होत्या आणि आहेत. दक्षिणेकडे म्हशीच्या दुधाचे घट्ट दही मातीच्या पसरट मडक्यांत विरजतात आणि त्यावर माडाच्या जातीच्या 'कितुल' झाडाच्या रसाची काकवी ओतून खातात. ज्याने ते एकदा खाल्ले त्याने आपले श्रीखंड जगात एकमेव आहे असा दावा जरा जपून करावा. पण १९७७ साली जयवर्धने सरकारने अर्थव्यवस्था खुली केली आणि परदेशी माल मोकळेपणाने येऊ लागला, तेव्हा पावडरीचे दिवस फिरले. घरोघरी फ्रीज नव्हते. उष्ण, दमट हवेत ताजे दूध दुपारपर्यंत नासे. पुडी महिनोन्महिने टिके, पाहिजे तेव्हा दोन चमचे घ्यावेत, पाणी घालावे, काम झाले. वर जाहिरातीतली गुटगुटीत मुले. एक पिढी यावरच वाढली. पुढे फ्रीज आले, पण जिभेची चव बदललेली होती.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही उभयता एका सहलीबरोबर श्रीलंकेला गेलो होतो. कँडीच्या बाहेर डोंगरात एका घरगुती अतिथिगृहात दोन रात्री मुक्काम होता. सकाळी खिडकी उघडली तर मागच्या अंगणात एक तांबडी गाय बांधलेली, धार नुकतीच काढलेली, चरवी भरलेली. सौभाग्यवतींचा चेहरा उजळला. चार दिवस हॉटेलातला चहा पिऊन त्या कंटाळल्या होत्या. प्रत्यक्षात आला तो पुन्हा पावडरीचाच चहा. न राहवून तिने मालकीणबाईंना विचारले, घरात ताजे दूध असताना पावडर का? त्या बाई साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. इंग्रजी चांगले बोलत. त्या हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, ते दूध केंद्रावर जाते. त्याचे पैसे येतात. त्या पैशांतून ही पुडी येते."

"पण मग ते दूधच वापरले तर?"

"त्याचा चहा पातळ होतो. मुलांनाही वास येतो म्हणतात." आणि मग जरा थांबून, "पावडर स्वस्तही पडते."

मी पडलो हिशेबी माणूस. एक किलो पूर्ण स्निग्ध पावडर म्हणजे साधारण आठ लिटर दूध. चारशे ग्रॅमची पुडी म्हणजे तीन लिटरांहून थोडे अधिक. दुकानातल्या पिशवीबंद ताज्या दुधाचा भाव पाहिला आणि पुडीच्या भावाला तीनने भागले, तेव्हा बाईंचे म्हणणे खरे निघाले. हजारो मैल समुद्र ओलांडून आलेले दूध अंगणातल्या दुधाला स्पर्धेत मागे टाकत होते.

हे आपोआप घडत नाही, त्यामागे सरकारचा हात असतो. श्रीलंकेत अनेक वर्षे पावडरीच्या पुडीची कमाल किंमत सरकार ठरवत असे. प्रत्येक सरकार एका हाताने दूध स्वावलंबनाची योजना जाहीर करी आणि दुसऱ्या हाताने पुडी स्वस्त ठेवी. योजना शेतकऱ्यासाठी, पुडी मतदारासाठी. मतदारांची संख्या नेहमीच जास्त! पुडी स्वस्त राहिली की गावातल्या दुधाला भाव चढत नाही. भाव चढत नाही म्हणून दोन गाई बाळगणारा तिसरी घेत नाही. तो घेत नाही म्हणून देशाची गरज निम्मीही घरच्या दुधावर भागत नाही. आणि भागत नाही म्हणून पुन्हा पुडी. जागतिक भाव वर गेला की याची दुसरी बाजू दिसे: ठरवलेल्या किमतीत आयातदाराला परवडत नाही, तो माल आणणे थांबवतो, आणि पुडी दुकानातून अदृश्य होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अखेर हे नियंत्रण उठवावे लागले, आणि पुडी एका रात्रीत शंभर रुपयांनी वाढली. तेव्हा चलनाची तिजोरी रिकामी होत आली होती. स्वस्ताईची सगळी वर्षे एकदम वसूल झाली.

वाचक म्हणतील, जागतिक बाजार एवढा मोठा आहे, एकाकडे नसेल तर दुसऱ्याकडून घ्यावे. इथेच फसगत आहे. दूध जगात अमाप होते, पण जिथे होते तिथेच पिऊन संपते. जगातल्या शंभर लिटरांपैकी जेमतेम नऊ-दहा लिटर देशांच्या सीमा ओलांडतात. हा मोठ्या नदीतून काढलेला छोटा पाट आहे. पाटाच्या तोंडाशी मूठभर देश बसले आहेत आणि त्यांत न्यूझीलंड अग्रभागी. त्या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या पुणे-पिंपरीच्या पट्ट्याएवढी. दूध मात्र वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक, आणि त्यातले पंचाण्णव टक्के बाहेर विकायचे. तिथे पाऊस ओढ देतो आणि कोलंबोतल्या चहाचा भाव ठरतो. २००८ पासून पावडरीचे लिलाव संगणकावर होतात. २०१४ च्या सुरुवातीला टनाला पाच हजार डॉलरच्या घरात असलेली पावडर ऑगस्ट २०१५ मध्ये सोळाशेच्या खाली कोसळली, आणि मार्च २०२२ मध्ये पुन्हा ४,७०० च्या वर गेली. तारीख लक्षात घ्या: कोलंबोतला चहा शंभर रुपयांना झाला तो हाच महिना. ज्या महिन्यात खिसा फाटला, नेमक्या त्याच महिन्यात बाजार चढलेला. त्याच मार्च महिन्यात श्रीलंकेच्या रुपयाची घसरण सुरू झाली, ती वेगळीच.

पाटाच्या तोंडाशी बसलेल्याच्या हाती केवळ भाव नसतो, विश्वासही असतो. २०१३ साली याचा अनुभव श्रीलंकेने घेतला. न्यूझीलंडचे शेतकरी कुरणांवर 'डीसीडी' नावाचे एक रसायन फवारत. खतातले नत्र झऱ्यांत वाहून जाऊ नये, हा हेतू चांगलाच. त्याचा अंश दुधात आढळला. आरोग्याला धोका नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. पण श्रीलंकेतल्या तपासणीत तो पावडरीत सापडल्याचे जाहीर झाले आणि आगडोंब उसळला. त्याच ऑगस्टमध्ये त्याच मोठ्या कंपनीच्या, फोंटेराच्या, एका उत्पादनात विषारी जंतू असल्याचा गवगवा जगभर झाला होता. तो पुढे खोटा ठरला, पण पुढे. गंपहा इथल्या न्यायालयाने कंपनीच्या मालाची विक्री दोन आठवडे थांबवली, लोक कार्यालयासमोर जमले, कंपनीने काही दिवस कामकाज बंद ठेवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर एका उपमंत्र्यांनी संसदेतच सांगितले की, आयात पावडरीत चरबी आणि पामतेल मिसळतात. खरे की खोटे, हा मुद्दा बाजूला ठेवा. आपल्या गल्लीतला गवळी पाणी घालतो, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच्याशी भांडता येते, त्याला बदलता येते, फार तर त्याच्या कॅनमध्ये मापक बुडवता येतो. परदेशातून आलेल्या बंद पुडीशी भांडायचे कसे? आईने मुलासाठी पेला भरावा की नाही, हे ती प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरवणार, आणि अहवाल दोन.

मग सरकारने काहीच केले नाही का? केले. गाईच आयात केल्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून वीस हजार गाभण कालवडी आणायच्या, त्या शेतकऱ्यांना द्यायच्या, असा बेत झाला आणि २०१७ मध्ये पहिल्या पाच हजार आल्या. थंड हवेत, हिरव्या कुरणात वाढलेली ती जनावरे. चारा पुरेना, उकाडा सोसेना, रोग पडला, गर्भपात झाले, कित्येक मेली. सांगितले होते तितके दूध निघेना आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज उरले. योजना पुढे थांबली.

ही बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नगर जिल्ह्यातली माझी पहिली शाखा उभी राहिली. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही गाई-म्हशींसाठी कर्जे वाटली. जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला असे. जनावर मेले की विम्याच्या दाव्यासाठी बिल्ल्यासकट कान आणून दाखवावा लागे. फडक्यात बांधलेला तो कान टेबलावर ठेवून समोर गप्प उभा राहिलेला माणूस मी अनेकदा पाहिला आहे. एक लिहून ठेवण्यासारखी गोष्ट तेव्हा कळली. ज्या गावात दूध संघाची गाडी रोज ठरल्या वेळी येई, कृत्रिम रेतन करणारा आणि जनावरांचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता, त्या गावातली कर्जे फिटत. जिथे नुसती गाय पोचली, तिथली बुडीत खात्यात जात. गाय हा दूधधंद्याचा शेवटचा भाग आहे. आधी रस्ता, पाणी, चारा, शीतकरण केंद्र, आणि दर दहा दिवसांनी न चुकता होणारा 'दुधाचा पगार'.

पैसा अमाप असेल तर मात्र गोष्ट निराळी. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया आणि शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली. त्या वाळवंटी देशाचे बहुतेक ताजे दूध सौदीहूनच ट्रकने येत असे. ते एका सकाळी बंद झाले. महिनाभरात कतारने विमानातून गाई उतरवल्या, वातानुकूलित गोठे बांधले, आणि वर्षभरात देश ताज्या दुधापुरता स्वतःच्या पायावर उभा राहिला. विमानातून उतरणाऱ्या त्या होल्स्टीन गाईंची छायाचित्रे पाहून हसू आले होते. पण ज्याच्याकडे नैसर्गिक वायूचे भांडार आहे त्याला असे हसू परवडते. श्रीलंकेकडे विकायला चहा होता, कपडे होते, पर्यटन होते, आणि आखातात राबणाऱ्या लेकीबाळींनी पाठवलेले पैसे होते. करोनाच्या दोन वर्षांत पर्यटन बसले. डिसेंबर २०२१ मध्ये तर इराणच्या तेलाची जुनी थकबाकी चहा देऊन फेडण्याचा करार झाला. दूधवाल्याला चहा देऊन भागवता येत नव्हते. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी सांगितले की, वापरता येण्याजोगी गंगाजळी पाच कोटी डॉलरसुद्धा नाही. त्या महिन्यात चेन्नईहून तमिळनाडू सरकारने पाठवलेले जहाज कोलंबोला लागले. त्यात तांदूळ होता, औषधे होती, आणि दुधाची पावडर होती.

हा सगळा काळ माझ्या मनात १९९१ पुन्हा पुन्हा येत होते. तेव्हा मी त्याच परकीय चलन विभागात होतो. भारताची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. रिझर्व्ह बँकेची परिपत्रके येत आणि दर परिपत्रकागणिक आयातदाराच्या गळ्याभोवतीचा फास आवळत जाई. एप्रिलमध्ये तर बहुतेक मालाच्या एलसीसाठी रकमेच्या दुप्पट रोख ठेव मागण्यापर्यंत गोष्ट गेली. मोठमोठे कारखानदार आमच्यासारख्या अधिकाऱ्यासमोर हात जोडून बसत. जुलैत सत्तेचाळीस टन सोने गहाण म्हणून देशाबाहेर गेले. आणि त्या सगळ्या दिवसांत पहाटे साडेपाचला आमच्या दारात दुधाची पिशवी पडत होती. एकही दिवस चुकली नाही. तेव्हा मला ते जाणवलेही नाही. पिशवी पडते ती पडतेच, सूर्य उगवतो तसा. कोलंबोच्या बातम्या वाचताना प्रथम लक्षात आले की, त्या पिशवीतल्या दुधाला एलसी लागत नव्हती.

पण ते नेहमीच तसे नव्हते. आपणही एकेकाळी परदेशी पावडरीच्या आधाराने दूध पीत होतो. १९४६ मध्ये मुंबईत दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि सायविरहित पावडर मिसळून 'टोन्ड' दूध काढले, ते दूध पुरावे म्हणून. आरेच्या काचेच्या बाटल्या, त्यांची रंगीत पातळ झाकणे, दूधकार्ड आणि पहाटेची रांग ज्यांना आठवते, त्यांना हेही आठवेल की जास्तीची बाटली मिळवण्यासाठी ओळख लागे. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले तेही पावडरीवरच. युरोपात पावडर आणि लोण्याचे डोंगर साठले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन पावडर आणि ४२,००० टन बटर ऑइल भारताला भेट मिळायचे ठरले. ही भेट धोक्याची होती. ती फुकट किंवा स्वस्तात वाटली असती तर गुजरात-महाराष्ट्रातला दूध उत्पादक तेव्हाच संपला असता. वर्गीस कुरियन यांनी ती देशी दुधाचा भाव पडणार नाही अशा बेताने विकली आणि आलेल्या पैशांतून दूध संघ, डेअऱ्या, टँकर उभे केले. पावडर तीच. श्रीलंकेत तिने गाईची जागा घेतली. इथे तिने गाईपर्यंत रस्ता बांधला.

कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीलंका सरकारबरोबर 'किरिया' नावाची कंपनी काढून हाच प्रयोग तिथे करून पाहिला होता. तो टिकला नाही. २०२३ मध्ये तिथली सरकारी गोशाळा-डेअरी अमूलशी जोडण्याचा बेत निघाला, तेव्हा भारताला देश विकता का, असा गिल्ला झाला. मला त्यांचा राग समजतो. एका परदेशी दुधातून सुटायला दुसऱ्या परदेशी दूधवाल्याचा हात धरायचा, हे कुणालाही बोचेल. दरम्यान पावडर परत आली आहे. चारशे ग्रॅमची पुडी हजार रुपयांच्या आगेमागे स्थिरावली, आणि ज्यांना ती परवडेना ते कितुलच्या गुळाचा खडा दाताखाली धरून कोरा चहा पिऊ लागले. त्यांचे आजोबा तसाच पीत.

आपण मात्र फार फुशारून जाऊ नये. आज भारत जगात सर्वाधिक दूध काढतो. २०२३-२४ साली जवळजवळ चोवीस कोटी टन. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'आरसेप' या व्यापार करारातून आपण बाहेर पडलो, त्यामागच्या कारणांत न्यूझीलंडच्या दुधाची भीती हे एक मोठे कारण होते. पण भिंत बांधली तरी भाव आत येतोच. जागतिक बाजारात पावडर पडली की आपल्या संघांची पावडर गोदामात पडून राहते, संघ खरेदीचा दर उतरवतात, आणि सांगली-कोल्हापूर-नगरच्या रस्त्यांवर दूध ओतले जाते. जुलै २०१८ मध्ये ते झाले, २०२० मध्ये पुन्हा झाले. शहरातली पिशवी मात्र त्या वर्षांत स्वस्त झालेली मला आठवत नाही.

२०२० च्या त्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद पडून दूध तुंबलेले असताना, केंद्र सरकारने कमी जकातीत दहा हजार टन पावडर आयातीला मुभा दिली. माझ्या नगरच्या शाखेतल्या एका जुन्या कर्जदाराचा तेव्हा फोन आला. दोन गाईंवर सुरुवात करून तो पाचांवर पोचला होता. कर्जाचा एकही हप्ता त्याने कधी चुकवला नाही. संघ तेव्हा त्याला लिटरला अठरा रुपये देत होता. त्याने विचारले, "साहेब, ही पावडर कुठून यायची?"

मी म्हटले, "न्यूझीलंडहून येईल बहुतेक."

"तिकडं शेतकऱ्याला काय देत्यात लिटरला?"

मी हिशेब करून सांगतो म्हटले आणि संध्याकाळी करून सांगितला. आपल्या चलनात तीसेक रुपये पडत होते. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "आमचं अठराचं हितं खपंना, आन् तिकडचं तिसाचं आणत्यात व्हय?"

ती पावडर किती आली, न आली, यावर पुढे आमचे बोलणे झाले नाही. त्या दिवाळीपूर्वी त्याने दोन गाई विकल्या. उरलेल्या तिघींचे सकाळचे दूध तो संघाला घालतो. संध्याकाळचे गावातल्या पेढेवाल्याला.